आईंच्या अंगात चढवलेलं सलाईन गेलं कुठे?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, घरची शेती आहे. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू. सुगी झाली, सणवार उरकले, की 'अंगात त्राण नाही' म्हणतात आणि दवाखान्यात जाऊन दोन बाटल्या सलाईन लावून येतात. लावलं की त्यांना तरतरी येते. गेल्या महिन्यात थकवा जास्तच वाटला, म्हणून मीच डॉक्टरांच्या मागे लागले की या वेळी जास्त लावा. तीन दिवस रोज दोन, अशा सहा बाटल्या झाल्या. चारांवर एनएस लिहिलेलं, दोनांवर डीएनएस. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास आई धापा टाकत उठून बसल्या. पाय सुजलेले, जोडवी बोटांत रुतलेली. सोलापूरला नेलं. तिथे सांगितलं, अंगात पाणी साठलंय, हृदयाचा पंप कमजोर आहे, हिमोग्लोबिन साडेसात आहे. लघवीची इंजेक्शनं दिली. दाखल करताना वजन ५०.५ किलो होतं, घरी सोडताना ४७.५. आता दिवसाला सव्वा लिटरच पाणी, मीठ कमी. सलाईन शिरेत दिलं होतं, मग ते पायांत कसं उतरलं? लघवीवाटे निघून का गेलं नाही? आणि आई परत म्हणतायत, 'एक बाटली लाव गं, बरं वाटेल.' त्यांना काय सांगू? माझ्याच हट्टापायी हे झालं, या विचाराने रात्री झोप लागत नाही. – एक सून

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. आईंचं हृदय कमजोर आहे हे त्या दिवशी घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सलाईन लावण्याआधी छाती ऐकायची, पाय दाबून बघायचे, रक्त तपासायचं आणि मग किती बाटल्या ते ठरवायचं, हे काम आम्हा डॉक्टरांचं आहे. ते सुनेचं नाही. तुम्ही आग्रह केलात तो मायेपोटी. आणि मध्यरात्री त्यांना धाप लागली तेव्हा सकाळची वाट न बघता तुम्ही त्यांना सोलापूरला नेलंत, म्हणून आज त्या घरी आहेत. हे खरं आहे, तुमचं मन राखायला लिहीत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. शिरेत दिलेलं पाणी पायांत कसं उतरतं? हा प्रश्न सगळ्यांना पडायला हवा, कारण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी बाटली लागलेली असते आणि ते पाणी रक्तातच राहतं अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही.

हिशोबाला सोपं जावं म्हणून आईंचं वजन ४८ किलो धरू. या वयाच्या बाईच्या अंगात वजनाच्या साधारण निम्मं पाणी असतं, म्हणजे २४ लिटर. (तरुण पुरुषात ते ६० टक्क्यांच्या आसपास असतं. स्नायूंत पाणी भरपूर, चरबीत अगदी कमी.) या २४ लिटरमधलं दोन तृतीयांश, म्हणजे १६ लिटर, पेशींच्या आत असतं. उरलेलं ८ लिटर पेशींच्या बाहेर. पण 'बाहेर' म्हणजे रक्तात असं समजू नका. त्या आठांपैकी ६ लिटर पेशी-पेशींच्या मधल्या फटींत, कातडीखाली, स्नायूंच्या धाग्यांमध्ये मुरलेलं असतं. रक्ताचा पातळ भाग, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, तो होऊन शिरांतून फिरणारं पाणी जेमतेम २ लिटर.

तुम्ही शेतकरी घरातल्या, तुम्हाला हे माझ्यापेक्षा नीट कळेल. मोटर चालू केली की पाणी पाटातनं धावतं, पण पाटात राहत नाही. ते वाफ्यातल्या मातीत मुरतं आणि मातीतून पिकाची मुळं ओढून घेतात. शीर म्हणजे पाट, पेशींच्या मधल्या फटी म्हणजे माती आणि पेशी म्हणजे पीक. सुई पाटात टोचलेली असते, एवढंच. आत सोडलेलं पाणी पाटात किती टिकेल, मातीत किती मुरेल आणि पिकापर्यंत किती पोचेल, हे त्या पाण्यात काय विरघळलंय त्यावर ठरतं.

पाटाला गळती असते ती केशवाहिन्यांत. या केसाहूनही बारीक वाहिन्या, भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची. तिच्यातून पाणी आणि मीठ सहज झिरपतं, पण रक्तातली प्रथिनं, विशेषतः अल्ब्युमिन, सहसा आतच राहतात. इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टारलिंग यांनी १८९६ मध्ये हा व्यवहार मांडला. वाहिनीतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि अल्ब्युमिन ते आत ओढून धरतं. पुढच्या संशोधनात त्यात बरीच भर पडली, पण पायाचा विचार तोच आहे. महिनोन्‌महिने नीट न जेवलेल्या किंवा लिव्हर बिघडलेल्या माणसात अल्ब्युमिन कमी असतं, म्हणून त्याच्या अंगावर सूज लवकर चढते.

दुसरी वेस पेशीच्या आवरणाची. इथला कायदा वेगळा आहे. पाण्याला जायला-यायला मोकळीक, मिठाला मज्जाव. मिठातलं सोडियम आत शिरलंच तर पेशी त्याला पंपाने बाहेर फेकते, एका फेऱ्यात तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी खेकड्याच्या पायांतल्या नसांवर काम करून हा पंप १९५७ मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे सांगायचं कारण असं, की आईंच्या पायांवरच्या सुजेचं गणित या पंपाशीच येऊन थांबतं.

एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. खारटपणा असा बेतलेला असतो की पेशी फुगूही नयेत आणि आकसूही नयेत. पण म्हणूनच ते पेशींच्या आत जात नाही. सोडियम बाहेर राहतं आणि आपल्याबरोबर पाण्यालाही बाहेरच धरून ठेवतं. उरतात दोनच जागा, पाट आणि माती, आणि तिथे वाटणी होते साधारण एकास तीन. अर्ध्या लिटरची बाटली संपल्यावर तासाभरात त्यातलं सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास शिरांत उरतं, बाकीचं पावणेचारशे मातीत मुरतं. पिकाला थेंब नाही.

डीएनएसचं तसंच. त्यात मीठही असतं आणि ग्लुकोजही. ग्लुकोज शरीर वापरून टाकतं, मागे राहतं ते नॉर्मल सलाईनच. म्हणजे तुम्ही पत्रात दोन नावं लिहिलीत, पण पाणी कुठे जाणार या हिशोबाने सहाही बाटल्या एकाच जातीच्या. तीन लिटर पाणी आणि २७ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आईंना तीन दिवसांत जेवणातल्या मिठाशिवाय वर पाच दिवसांचं मीठ थेट शिरेतून गेलं. आणि त्या तीन लिटरांतलं सव्वादोन लिटर पाण्याची जागा, आपल्या हिशोबाने, कातडीखालची माती.

हा पाठ्यपुस्तकातला हिशोब आहे. खरं शरीर इतकं काटेकोर वागत नाही. जुलाबांनी सुकलेल्या, बीपी पडलेल्या माणसात सलाईन शिरेत जास्त वेळ टिकतं, कारण पाट कोरडा असतो आणि आतला दाबही कमी असतो. आईंना जुलाब, उलटी, ताप यांतलं काही झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे त्यांचा पाट बहुधा आधीच भरलेला होता.

साध्या ग्लुकोजची, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली मात्र वेगळी वागते, आणि 'ग्लुकोज लावलं की ताकद येते' हे मी रोज ऐकते म्हणून तिच्याविषयी थोडं सांगते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यातून मिळणारी ताकद तुमच्या हातच्या एका भाकरीइतकीही नाही. ग्लुकोज वापरलं गेलं की मागे राहतं साधं पाणी. त्याला धरून ठेवायला मीठ नसल्यामुळे ते तिन्ही जागांत पसरतं आणि दोन तृतीयांश पेशींत शिरतं. शिरांत उरतं चाळीसेक मिलिलिटर, तीन मोठे चमचे म्हणा. म्हणून रक्तस्राव झालेल्या माणसाचं बीपी सावरायला ही बाटली उपयोगाची नाही आणि तिचा मारा केला तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येऊ शकते. दिसायला दोन्ही बाटल्यांत पाणीच, पण अंगात गेल्यावर त्यांचे रस्ते इतके निराळे.

मुरलेलं पाणी तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असणार. सलाईन चालू असताना सुई शिरेबाहेर सरकते आणि हाताच्या पंजावर टम्म गोळा येतो, कातडी गार आणि ताणलेली. सिस्टर सुई काढून दुसरीकडे लावतात. दुसऱ्या दिवशी बघावं तर गोळा ओसरलेला. ते पाणी आधी मातीत साठलं आणि मग हळूहळू पाटात परतलं. आईंच्या पायांत तेच घडलं, फक्त गोळा एका जागी न येता सगळ्या अंगभर पसरला आणि दिवसा उभं राहिल्या-बसल्यावर वजनाने खाली घोट्यांशी उतरला.

आजच एक करून बघा. आईंच्या नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. कणकेच्या गोळ्यात बोट रुतावं तसा खळगा राहिला तर तिथे पाणी आहे. कातडी लगेच वर आली तर बरं. पण ध्यानात ठेवा, मोठ्या माणसाच्या अंगात अडीच-तीन लिटर पाणी जादा साठेपर्यंत हा खळगा दिसतच नाही. तोवर माती गुपचूप पाणी पीत असते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत तुम्हाला काही दिसलं नाही. ती तुमची नजरचूक नव्हती.

आता ती रात्र. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी माणूस आडवा झाला की मातीतून पाटात परत येतं. धडधाकट हृदय ते पुढे ढकलतं आणि रात्री एखाद-दुसरा वेळ लघवीला उठावं लागतं, इतकंच. कमजोर हृदयाला ते पेलत नाही. मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसांत साठतं, तिथल्या केशवाहिन्यांतून पाणी हवेच्या फुग्यांत झिरपायला लागतं आणि माणूस बुडत असल्यासारखा खाडकन उठून बसतो. उठून बसल्यावर थोडं बरं वाटतं, कारण पाणी पुन्हा खाली उतरतं. झोपल्यावर दोन-तीन तासांनी धाप लागणं ही हृदय थकल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. आईंना आधीही दोन उशा लागत असतील, रात्रीचा कोरडा खोकला येत असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना ते नक्की सांगा.

लघवीवाटे का गेलं नाही? काही गेलं असणारच. पण मूत्रपिंड साधं पाणी जितकं चटकन सोडतं, तितकं मीठ सोडत नाही. तुम्ही दोन तांबे पाणी प्यालात तर दोन-तीन तासांत त्याचा निकाल लागतो. दोन लिटर सलाईन मात्र ठणठणीत तरुणाला दिलं तरी पुरतं बाहेर पडायला दोन दिवस लागू शकतात. आईंचं तर हृदय कमजोर, मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला हृदयाची अडचण दिसत नाही. त्याला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि ते मीठ-पाणी आणखी साठवत सुटतं. आपल्याकडे अति पाणी देऊन निचऱ्याअभावी ऊसपट्ट्यातली जमीन क्षारपड झाली, तसंच हे. पाणी सोडायची सोय होती, निचऱ्याची नव्हती. सोलापूरला दिलेली लघवीची इंजेक्शनं म्हणजे तिथे चर खणून दिला. तीन किलो वजन उतरलं ते चरबी-मांसाचं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा तीन लिटर पाणी गेलं.

तुम्ही ओझरतं लिहिलेलं हिमोग्लोबिन मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. साडेसात! बाईच्या रक्तात ते बाराच्या पुढे हवं. आईंना त्राण नव्हतं कारण प्राणवायू वाहून नेणारा माल निम्म्याच्या जरा वर उरलाय आणि पंपही थकलाय. त्यात सलाईनने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढत नाहीत. उलट पातळ भाग वाढून उरलेलं रक्त विरळ होतं. थकव्याचं कारण शोधायचं राहून गेलं आणि दर सुगीला बाटली लागत राहिली, हे वाचून मला फार वाईट वाटलं. ही चूक आमच्या व्यवसायाची आहे. अशक्तपणा हा आजार नसतो, ती तक्रार असते, आणि तिच्या मागे रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर, क्षय, नैराश्य, हृदय असं काहीही असू शकतं.

तरी सलाईन वाईट असा निष्कर्ष काढू नका. १८३२ मध्ये स्कॉटलंडला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. एडिंबरोजवळच्या लीथच्या थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरांनी एका मरणोन्मुख म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. त्याआधी कुणी असं यशस्वी केल्याचं त्यांना माहीत नव्हतं, म्हणून थोडं थोडं देत ते निरखत राहिले. खोल गेलेले डोळे, लागत नसलेली नाडी, थंड अंग. अर्ध्या तासात साधारण सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या आसपास पाणी गेलं आणि ती बाई बोलायला लागली. आता तिला धोका नाही असं समजून, तिला दवाखान्यातल्या डॉक्टरांवर सोपवून ते थोडी विश्रांती घ्यायला गेले. मागे पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले आणि काही तासांत ती गेली. पाटात सोडलेलं पाणी आतड्याच्या भगदाडातून वाहून गेलं होतं आणि लाटांना ते कुणी कळवलंच नाही.

आईंना दिलं गेलं तेही जवळपास तेवढंच पाणी. एकीच्या अंगातलं पाणी वाहून गेलेलं, दुसरीच्या अंगातलं जागच्या जागी. माझ्या इंटर्नशिपच्या दिवसांत जुलाबांनी हातची नाडी न लागणारा एक ऊसतोड कामगार आणला होता. दोन्ही हातांना सुया लावून आम्ही बाटल्या दाबून दाबून दिल्या. दुसऱ्या तासाला त्याने बायकोला हाक मारली. ती हाक मला अजून ऐकू येते. जुलाब-उलट्यांनी सुकलेला आणि पिऊ न शकणारा माणूस, अपघातातला रक्तस्राव, भाजणं, डेंगीत वाहिन्या पाझरायला लागणं, साखर बेफाम वाढून आलेली बेशुद्धी, यांत सलाईनला पर्याय नाही. पण त्यांतही माप असतं. युगांडा, केनिया आणि टांझानियात तापाने अत्यवस्थ झालेल्या ३,१४१ मुलांवर अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल झाल्याबरोबर भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलेल्या मुलांत पहिल्या ४८ तासांत दगावण्याचं प्रमाण शेकडा साडेदहाच्या आसपास होतं. सावकाश, बेताने पाणी दिलेल्यांत ते ७.३ होतं. हे आकडे आले तेव्हा आम्ही कित्येक डॉक्टर हादरलो होतो.

आणि ज्याला पिता येतं त्याला तोंडानेच द्यावं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागून येतं. ओआरएसचं पाकीट म्हणजे तेच.

'पण लावलं की तरतरी येते' असं आई म्हणतात, ते खोटं नाही. उन्हात राबून, पाणी न पिता दिवस काढला असेल तर त्या खरंच सुकलेल्या असतील आणि तेव्हा पाण्यानेच बरं वाटलं असेल. शिवाय बाटली चालू असेपर्यंत शिरा भरलेल्या राहतात, बीपी जरा वर येतं. आणि एक गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. वर्षभर राबणाऱ्या बाईला चार तास कुणी उठवत नाही, सून उशाशी बसते, 'चहा देऊ का' विचारते. हे त्यांना बाटलीमुळेच मिळत असेल, तर बाटली मागणं साहजिक आहे. तेव्हा 'सलाईन बंद' असं तोंडावर सांगू नका. 'आई, तुमच्या अंगात पाणी कमी नाही, रक्त कमी आहे, ते वाढवू या,' असं सांगा. आणि सुगीनंतरचे ते निजून राहायचे दिवस त्यांना बाटलीशिवायही मिळू द्या.

रक्त का कमी झालं ते मात्र शोधायलाच हवं. लोह, बी-१२, मूत्रपिंडाचं काम आणि शौचावाटे रक्त जातंय का, या तपासण्या पुढच्या भेटीत मागून घ्या. या वयात आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असेल तर गोळ्या देऊन झाकून ठेवायचं नसतं. लोह कमी निघालं तर हृदय कमजोर असलेल्यांना ते बऱ्याचदा शिरेतून देतात, छोट्या बाटलीत मिसळून. ती बाटली बघून घाबरू नका. तिच्यात पाणी थोडं असतं आणि औषध कामाचं असतं.

सव्वा लिटर पाण्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं धरायचं. सकाळी सव्वा लिटर मोजून एका भांड्यात भरा. चहा केला, ताक दिलं की तेवढं पाणी त्यातून काढून टाका, म्हणजे हिशोब आपोआप राहतो. तहान लागली तर चूळ भरायला द्या. मीठ हाच खरा मुद्दा आहे, कारण मीठ असेल तर तहान आवरत नाही. शेंगाचटणी, लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या त्यांच्या ताटात नकोत. शेंगाचटणी बिनमिठाची करून वर लिंबू पिळा, सोलापूरकराला पूर्ण सोडायला सांगणं मला जमत नाही. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरतं. तरतरीसाठी रोज ओआरएस पाजणंही नको, त्यातही मीठ आहे.

आईंना पुढे कधी जुलाब-उलट्या लागल्या तर 'आता सलाईन अजिबात नको' असा उलटा हट्ट मात्र करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण लघवीची गोळी चालू असताना जुलाब झाले तर त्या फार लवकर सुकतील. हृदय कमजोर असल्याचा कागद दाखवा, कोणती बाटली, किती आणि किती वेळात, हे विचारा. ते विचारणं उर्मटपणा नाही. नेहमीच्या सेटमधून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे अर्धा लिटर आठ तासांत द्यायचं तर मिनिटाला वीस-एकवीस थेंब. घरी जायची घाई म्हणून नातेवाईक नळीवरचं चाक फिरवून ते धो धो सोडतात, हे मी कितीदा तरी बघितलंय. त्या चाकाला हात लावू नका.

आणि एक वजनकाटा घ्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत आईंना त्यावर उभं करा आणि आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहा. पहिला आकडा ४७.५. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेला, खळगा पडायला लागला किंवा उशी वाढवावी लागली, तर त्याच दिवशी सोलापूरच्या डॉक्टरांना फोन करा, धाप लागेपर्यंत थांबू नका. महिना संपला की ते पान फाडून फाइलीत ठेवा आणि तपासणीला सोबत न्या.